सभागृह भरणारी मुकादमबाई

तुम्ही कधी विद्यापीठातल्या एखाद्या भाषणाला गेला आहात, आणि मागच्या भिंतीपर्यंत भरलेलं सभागृह बघून मनातल्या मनात म्हणालात का, की चला, लोकांना अजून जगाबद्दल काही ऐकायचंय?

म्हणाला असाल तर फसलात. भाषण खरं होतं, पाहुणा खरा होता, टाळ्याही खऱ्याखुऱ्या हातांच्या होत्या. पण पुढच्या दोन रांगा सोडल्या तर बाकीची माणसं तिथे आणून बसवलेली होती. त्यांना आणणाऱ्या, बसवणाऱ्या आणि वेळच्या वेळी टाळ्या वाजवायला लावणाऱ्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याबद्दल लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही, कारण त्यांच्याशी कोणी गोड वागलेलं नाही.

सगळे त्यांना मुकादमबाई म्हणतात. ग्रंथालयाशेजारच्या करड्या इमारतीत सफाई करणाऱ्या कंत्राटी बायकांवर त्या मुकादम आहेत. पद ऐकायला मोठं वाटतं. काम असं, की कोणत्या मजल्यावर कोण जाणार ते सांगायचं, फिनेलमध्ये पाणी घालून ते महिनाअखेरपर्यंत पुरवायचं, मोडक्या दांड्यांना चिंध्या बांधायच्या, आणि कंत्राटदाराच्या शिव्या आधी स्वतः खाऊन मग त्यातल्या निवडक तेवढ्या बायकांपर्यंत पोचवायच्या. अंगाने दणकट. आवाज असा, की तळमजल्यावर बोलल्या तर गच्चीवरची कबुतरं उडावीत. लहानपणी आईची बादली धरून त्या याच इमारतीत आल्या आणि तिथेच चिकटल्या. लग्न झालं, पोरं झाली, पोरं आपापल्या कामाला लागली, पण इमारत काही सुटली नाही.

या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आफ्रिका अभ्यास केंद्र आहे. पाटी पितळेची आहे आणि ती रोज पुसावी लागते. केंद्रप्रमुखांना बायका मफलरसर म्हणतात, कारण उन्हाळा असो की हिवाळा, त्यांच्या गळ्यातलं ते रंगीत कापड काही उतरत नाही. कुठल्याशा दौऱ्यावर भेट मिळालंय म्हणे. त्यांच्या हाताखाली एक समन्वयक मुलगी आहे, तीही कंत्राटीच, त्यामुळे कायम घाबरलेली. केंद्रात कार्यक्रमांना तोटा नाही. व्याख्यानं, चित्रपट, छायाचित्रांची प्रदर्शनं, भाषेचे वर्ग, अभ्यासदौरे, शिष्यवृत्त्या, सतत काहीतरी चालूच. तोटा माणसांचा. विद्यार्थी फिरकत नाहीत. का फिरकतील? तिथली शिष्यवृत्ती कोणाच्या पदरात पडणार हे जाहिरात लागण्याआधी कॅन्टीनच्या पोऱ्यालासुद्धा माहीत असतं.

तर एकदा असं झालं की परदेशातून कोणी मोठे विद्वान आले, आणि सभागृहात माणसं किती, तर सर, समन्वयक मुलगी आणि थंड हवेत डुलकी काढायला आलेले एक निवृत्त गृहस्थ. सर घाम पुसत बाहेर आले. मुकादमबाई जिना पुसून घेत होत्या.

"बाई, तुमच्या बायकांना जरा हात धुवून आत बसवता का? दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांची दुपार झाली. बायका बसल्या, इंग्रजी भाषण डोक्यावरून गेलं, शेवटी टाळ्या वाजवल्या, आणि मग उठून राहिलेला जिना पुसला. पाहुणे जाताना म्हणाले की इतका गंभीर श्रोतृवर्ग आमच्याकडेही मिळत नाही. सर खूश. तिथून प्रथाच पडली. कार्यक्रम असला की सरांचा निरोप यायचा, आणि बायका निळे एप्रन काढून घरच्या कपड्यांत मागे जाऊन बसायच्या, आणि केंद्राच्या वार्षिक अहवालात जनता म्हणून मोजल्या जायच्या.

मुकादमबाई कोणतंही काम अर्धवट करत नाहीत, त्यामुळे त्यांनी हेही काम म्हणूनच केलं. त्यांचे नियम होते. सगळ्या एकत्र बसायचं नाही, मधे एखादी खुर्ची सोडायची, म्हणजे माणसं आपापली आल्यासारखी वाटतात. जिला झोप येते तिने खांबामागे बसायचं. जिला खोकला आहे तिने दारापाशी. चष्मा असलेल्या एकीने पुढे बसून मान हलवायची, पण फार नाही, नाहीतर पाहुणा तिलाच प्रश्न विचारतो. असं एकदा झालं होतं. पाहुण्याने विचारलं, आपलं मत काय, तर ती म्हणाली, "छान आहे, पण पायऱ्यांवर चिखल फार होतो." समन्वयक मुलीने त्याचं भाषांतर काय केलं देव जाणे, पाहुण्याने ते लिहून घेतलं.

टाळ्यांचीही खूण होती. सरांनी मफलरचं टोक मागे टाकलं की वाजवायच्या.

घरी नवरा थट्टा करायचा. तो मालाचा टेम्पो चालवतो, दिवसभर हॉर्न ऐकून आलेला असतो. "काय गं, आज कुठला देश झाडलास?" असं विचारायचा. बाई सांगायच्या. भाषण कळत नसलं तरी पडद्यावरची चित्रं कळायची. आज बंदर होतं. आज नदी होती, तिच्यात माणसं जाळी टाकत होती. आणि एकदा सांगितलं, "आज बाजार होता. बायका बसलेल्या, पुढ्यात कापडाचे ढीग. आणि एकीच्या तोंडावर असा माज की बघतच राहावं. कोणाच्या बापाला घाबरणार नाही अशी बसली होती."

"तुला काय कमी माज आहे?" नवरा म्हणाला.

"माझा माज घरात चालतो. तिचा बाजारात चालत होता."

ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलीय की तो फोटो मी न बघताही ओळखेन. मी या भागातल्या कंत्राटी कामगारांची संघटना चालवते, म्हणजे मोर्चे काढते, शिव्या देते आणि खाते. मुकादमबाई मला पुढारीण म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुक शोधायला जाऊ नका. मी त्यांना कितीदा म्हटलं, बाई, संघटनेत या. त्या म्हणायच्या, "पुढारीण, तुझ्या सभेला माणसं कमी असतील तर सांग, आणून बसवते."

मग एक खरी पाहुणी आली. विदुषी नव्हती ती. आफ्रिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या बाजारकरणींची ती पुढारी होती, स्वतः आयुष्यभर कापड विकलेली, आणि कोणातरी प्राध्यापिकेसोबत आलेली. बोलणं संपल्यावर सगळे जेवायला गेले. ही बाई मात्र सरळ मागे चालत आली आणि मुकादमबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. समन्वयक मुलीला मधे घेऊन विचारलं, "तुम्ही सगळ्या एकत्र आलात. तुमची संघटना कुठली?"

मुकादमबाई म्हणाल्या, "आम्ही टाळ्या वाजवतो."

पाहुणी आधी मोठ्याने हसली. मग भाषांतर करणाऱ्या मुलीचा चेहरा बघून तिला कळलं की यात विनोद नाही, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. जाताना मुकादमबाईंचा हात धरून म्हणाली, आमच्याकडे या. आम्ही बाजार कसा चालवतो ते बघा.

अशी वाक्यं पाहुणे बोलतात आणि विमानात बसले की विसरतात. ही विसरली नाही. पुढच्या हंगामात केंद्राचा अभ्यासदौरा ठरला तेव्हा तिच्या संघटनेने अट घातली, की प्राध्यापक-विद्यार्थ्यांबरोबर एक साधा नागरिक पाठवा, जो तुमच्या कार्यक्रमांना नेहमी येतो. तीन आठवडे तो आमच्याकडे राहील, आमच्याबरोबर बाजारात बसेल. सरांना मान्य करावं लागलं. भित्तिपत्रक छापलं गेलं: केंद्राच्या कार्यक्रमांना नियमित येणाऱ्या, विद्यापीठाबाहेरच्या एका नागरिकाला संधी. आणि त्या भित्तिपत्रकावर मोठ्ठा फोटो, टाळ्या वाजवणाऱ्या मुकादमबाईंचा.

फोटो आधी दिसला त्यांच्या धाकट्या जावेला. ती त्यांच्याच हाताखाली काम करते. जिन्यातून ओरडली, "जाऊबाई, तुमचं थोबाड लागलंय भिंतीवर. काय केलंत?"

मुकादमबाईंनी ते भित्तिपत्रक समन्वयक मुलीकडून दोनदा वाचून घेतलं. मग माझ्याकडे आल्या. संघटनेच्या कार्यालयात, म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत, खुर्ची पुसून बसल्या आणि म्हणाल्या, "पुढारीण, अर्ज लिही. मला जायचंय."

मी त्यांना इतक्या वर्षांत काही मागताना बघितलं नव्हतं. हातमोजे सोडून.

मी लिहिला. त्यांनी तो स्वतः नेऊन दिला. आणि मग सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. मी सोबत होते, कारण त्या म्हणाल्या तू नुसती उभी राहा, बोलायला मी आहे.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही तर आपल्या घरच्या. ही संधी बाहेरच्या माणसासाठी आहे."

"मग मी विद्यापीठातली?"

"तसं नाही. कागदोपत्री तुम्ही कंत्राटदाराच्या."

"म्हणजे बाहेरची."

"तांत्रिकदृष्ट्या बाहेरच्या, पण काम आत करता."

"सर, मी आतली की बाहेरची ते एकदा ठरवून सांगा. त्या दाराने येते."

सरांनी मफलर सारखा केला. म्हणाले की नियमित येणं म्हणजे स्वतःच्या आवडीने येणं. तुम्ही ड्युटीवर आलात.

"वार्षिक अहवालात आम्हाला जनता म्हणून मोजलंत ते कोणाच्या आवडीने?"

मग सरांनी काळजी काढली. तिथली हवा वेगळी, खाणं वेगळं, भाषा येत नाही, तुम्हाला करमायचं नाही, तब्येतीला झेपायचं नाही. रोज तीन मजले पुसणाऱ्या बाईच्या तब्येतीची चिंता या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुकादमबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

बाहेर आल्यावर समन्वयक मुलगी झेरॉक्सच्या यंत्रामागे उभी राहून कुजबुजली की तो नागरिक ठरलाय. सरांचा साडू. बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. केंद्राच्या कार्यक्रमांना तो यायचा हे खरं, पण थेट जेवणाच्या वेळी.

जावेला हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फोटो तुमचा आणि विमान साडवाचं."

मुकादमबाई बादली उचलून जिन्याकडे वळल्या. मला वाटलं, संपलं. मी मोर्चाचं बोलले, त्यांनी हात झटकला. "तू मोर्चा काढशील, तिथे तुझी घोषणा होईल, माझं काय?" मला राग आला. त्यांचंही खरं होतं, म्हणून जास्त आला.

आणि मग सरांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नाही म्हटल्याला आठवडाही झाला नसेल, नवा पाहुणा येणार होता आणि माणसं हवी होती. या लोकांना लाज नसते हे मला माहीत होतं, पण इतकी नसेल असं वाटलं नव्हतं. निरोप आला, बायका बसवा. मुकादमबाईंनी बसवल्या. नोकरी आहे, कंत्राटदार आहे, काय करतील. पाहुण्याचं विमान रखडलं. पुढच्या रांगेत कुलगुरूंच्या कार्यालयातले दोन साहेब येऊन बसलेले, त्यांना उठू द्यायचं नव्हतं. ते साहेब इंग्रजीला कंटाळलेले. म्हणून सर व्यासपीठावर चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलले.

बोलले चांगलं, ऐकून आलेल्या बायकांनीच मला सांगितलं, मी नाकारणार नाही. त्यांच्या जुन्या संशोधनाचा विषय होता, त्यावर त्यांचं पुस्तकही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांमधली रीत त्यांनी सांगितली. एखाद्या पुरुषाने बाईवर अन्याय केला, बाजाराचा नियम मोडला, बायकोला छळलं, तर गावातल्या बायका एकमेकींना निरोप धाडत. मग सगळ्या मिळून त्याच्या दारात जात. गाणी म्हणत, त्या गाण्यांत त्याने काय काय केलं ते नावानिशी सांगत. नाचत. धान्य कुटायच्या मुसळांनी त्याच्या भिंतीवर, दारावर ठोकत. तो चुकलो म्हणून कबूल होईपर्यंत हलत नसत. पुढे परक्या सरकारने नेमलेल्या मुखियांच्या दारातही बायका अशाच गेल्या. "हिंसा नाही, गुंडगिरी नाही," सर म्हणाले, "ही त्यांची न्यायाची पद्धत होती. अत्यंत सुसंस्कृत पद्धत." आणि कसं ठोकत ते दाखवायला त्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. साहेब हसले. सरांनी मफलरचं टोक मागे टाकलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. सरांना वाटलं बायका विसरल्या. बायका मुकादमबाईंकडे बघत होत्या, आणि मुकादमबाई सरांकडे, पडद्यावरच्या त्या कापडवालीसारख्या बसून.

पुढचं मला बोलावून सांगितलं गेलं नाही. जावेकडून निरोप आला, संध्याकाळी सरांच्या बंगल्यावर ये, घोषणा द्यायच्या नाहीत, हातात काहीतरी आण. मी सायकलवाल्याचा पाना नेला.

विद्यापीठाच्या आवारात प्राध्यापकांचे बंगले आहेत, पुढे छोटी बाग आणि लाकडी दरवाजा. उजेड अजून होता. बायका कामावरून परस्पर आल्या होत्या, एप्रनसकट. कोणाकडे फरशी पुसायच्या काठ्या, कोणाकडे बादल्यांची झाकणं. मुकादमबाईंनी त्यांना उभं केलं तेही सभागृहासारखंच. खोकणारी कुंपणाशी, जिचा आवाज मोठा ती मधे. आणि सुरू झालं. गाणं त्यांनीच जुळवलं होतं, दुपारी जिना पुसताना:

"खुर्ची आमची, टाळी आमची, फोटो आमचा भिंतीला
विमानामधे साडू यांचा बसतो बघा खिडकीला"

प्रत्येक ओळीला दारावर काठ्या. मग दुसरं कडवं, त्यात दहा मिनिटांचं काम कसं दुपारभर चाललं ते. मग अहवाल. मग ती खोटी काळजी, हवा वेगळी नि खाणं वेगळं, तेही यमकात. शेजारच्या बंगल्यांतून माणसं बाहेर आली. इतकी वर्षं बायकांनी भरवलेल्या सभागृहापेक्षा जास्त माणसं तिथे आपल्या पायांनी आली होती.

सरांच्या बायकोने खिडकी उघडली. वैतागेल असं मला वाटलं. ती आत वळली, टीव्ही बंद केला आणि परत येऊन खिडकीला रेलून उभी राहिली. साडवाचं कडवं आलं तेव्हा ती हसली. बहिणीचा नवरा तो, तिला जास्त माहीत असणार.

सर दार उघडेनात. त्यांनी सुरक्षारक्षकांना फोन केला. मायमाउल्यांनो, नीट ऐका. ज्या माणसाने या रीतीवर पुस्तक लिहिलं, त्या पुस्तकावर बढती घेतली, देशोदेशी भाषणं ठोकली, ती रीत त्याच्या दारात चालत आली तेव्हा त्याने पहारा मागवला.

आणि पहाऱ्यावर आला कोण, तर मुकादमबाईंचा दीर. जावेचा नवरा. तोही कंत्राटीच. शिट्टी गळ्यात, काठी हातात, बायको आणि वहिनी समोर.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "किती वेळ चालेल?"

"ते दार उघडून चुकलो म्हणेपर्यंत."

त्याने दाराकडे बघितलं, सरांच्या खिडकीकडे बघितलं. "मग मी चहा घेऊन येतो."

"काठी ठेवून जा," त्याची बायको म्हणाली. "माझं झाकण चेपलंय."

दार उघडलं नाही. अंधारून आलं, बायकांना घरी चुली होत्या, पोरं होती. आफ्रिकेतल्या त्या बायका रात्र रात्र थांबत असतील. आमच्यातल्या अर्ध्याजणींना शेवटची बस गाठायची होती. मुकादमबाईंनी शेवटचं कडवं म्हटलं आणि सगळ्यांना परत नेलं. कोणी मला विचारतं, मग जिंकलात की हरलात? मी म्हणते, तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी सूड आला. मुकादमबाईंची मुकादमी काढली आणि त्यांना आवाराच्या टोकाला, प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे धुवायला पाठवलं. वर असभ्य वर्तनाची चौकशी. त्या चौकशीच्या बैठकीत मी संघटनेतर्फे बसले होते. तिथे मफलरसर काय म्हणाले ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय. म्हणाले, "ती प्रथा तिच्या सांस्कृतिक संदर्भातून उचलून इथे आणता येत नाही."

पुस्तकात आणता येते. पगारात आणता येते. गळ्यात मफलर म्हणून आणता येते. फक्त दारात आणली की संदर्भ बिघडतो. मी हे तिथे म्हटलं, आणि जरा जास्तच म्हटलं, त्यामुळे मला बाहेर काढलं.

मग समेटाची भाषा सुरू झाली. बाईंनी अर्ज मागे घ्यावा, माफी मागावी, मुकादमी परत मिळेल. मी हे सांगायला उंदरांच्या खोलीत गेले. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मुकादमबाई पिंजरा उलटा करून घासत होत्या.

"माफी?" त्या म्हणाल्या. "अजून दोन कडवी म्हणायची राहिलीत."

"मुकादमी जाईल बाई, कायमची."

"जाऊ दे. अर्ज राहू दे." त्यांनी पिंजरा सरळ केला. "हे बघ पुढारीण, मला नाही म्हणायचं तर म्हणू दे. पण त्या बाईसमोर म्हणू दे, जी मला बोलावून गेली. मागल्या दाराने नाही म्हटलेलं मी ऐकत नाही."

हीच गोष्ट आता पणाला लागली आहे, आणि म्हणून मी हे आज लिहिते आहे. केंद्राची मोठी परिषद भरते आहे. विषय, आफ्रिकेतल्या स्त्रियांचा आवाज. ती बाजारकरीण स्वतः येणार आहे, आणि नागरिकाचं नाव समारोपात तिच्यासमोरच जाहीर होणार आहे. मुकादमबाईंचा अर्ज अजून मागे घेतलेला नाही, पण असा अर्ज आलाच होता हे कोणी तिच्यासमोर विषय काढल्याशिवाय तिला कळणार नाही. मुकादमबाईंना त्या दिवशी उंदरांच्या खोलीत ड्युटी लावली आहे. कुलगुरूंच्या कार्यालयातले ते दोन साहेब दारात उभे राहून मला ओळखून परत पाठवणार आहेत. समन्वयक मुलीचं कंत्राट नव्याने व्हायचं आहे, तिच्याकडून मी काही मागणार नाही. सफाईच्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी बसायला नकार दिलाय. काही बसतील, त्यांना घर चालवायचंय, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

म्हणून या वेळी खुर्च्या भरायला तुम्हाला बोलावलं जातंय. फुकट जेवण, प्रमाणपत्र, नव्या विद्यार्थ्यांना हजेरी. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर ते आमंत्रण आलंच असेल.

जा. जेवा पोटभर, माझी हरकत नाही. मागच्या रांगेत बसा, खांबाच्या आड नको. सर मफलरचं टोक मागे टाकतील तेव्हा हात मांडीवरच ठेवा. आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की एक हात वर करा, उठून उभे राहा, व्यासपीठावरच्या त्या कापडवाल्या पाहुणीकडे बघून मोठ्याने एवढंच विचारा, की भित्तिपत्रकावरची ती टाळ्या वाजवणारी बाई आज इथे का नाही. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.